प्लीज, जिना उतराल का?

…नाही, पण तुम्हीच सांगा, ‘प्लीज’ वाक्याच्या आधी घालायचं की शेवटी, एवढंच शिकवणाऱ्या माणसाच्या छातीत धडधडायचं काही कारण आहे का? छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथे कर्मणी प्रयोग चुकला तर फार तर एक मार्क जातो, जीव जात नाही कोणाचा… पण निवृत्त झालो, घरात बसलो, आणि आमची ही म्हणाली, दिवसभर माझ्या बोलण्यातल्या चुका काढता, त्यापेक्षा बाहेर जाऊन कोणाच्या तरी काढा. नेमका त्याच दुपारी एका हॉटेलच्या मॅनेजरांचा फोन!

म्हणाले, सर, आमच्या माणसांना पाहुण्यांना इंग्रजीत धड सूचना देता येत नाहीत. गरम पाणी कुठल्या नळाला, लिफ्ट कुठे, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं… पंधरा दिवसांनी तपासणी आहे, जो तुमच्या परीक्षेत नापास होईल त्याला मी पाहुण्यांसमोर ठेवणार नाही, तळघरात धुलाईला पाठवीन. म्हणजे बघा, हॉटेल त्यांचं, नोकऱ्या त्या बिचाऱ्यांच्या, आणि घाम कोणाला? मला!

बरं, मॅनेजरांनी बजावलेलं, पाहुण्याला हुकूम सोडलेला चालत नाही. मग काय, मी सगळी नम्रताच ओतली. ‘वुड यू माइंड’, ‘कुड यू काइंडली’, ‘वुड यू लाइक टू’… रिसेप्शनवरची मुलगी हुशार हो, दोन दिवसांत अशी बोलायला लागली की ऐकताना कानांत मध. सगळे हळूहळू मार्गी लागले. गाडी अडली ती तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींपाशी.

मावशी खोल्या आवरायच्या, बावीस वर्षं. गुडघे दुखरे, धुलाईच्या त्या ओल्या फरशीवर आठ तास उभ्या राहिल्या असत्या तर महिन्याभरात अंथरूण धरलं असतं. हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक. तरी बाई तीन शब्दांच्या पुढे जाईनात! मी म्हणायचो, मावशी, नीट म्हणा, ‘वुड यू काइंडली बी केअरफुल विथ द लेफ्ट टॅप?’ मावशी म्हणायच्या, ‘लेफ्ट. हॉट. केअरफुल.’

“अहो, पण प्लीज कुठे गेलं?”

“सर, तेवढं म्हणेस्तोवर त्याचा हात भाजला असता.”

आता यावर व्याकरणात काही उत्तर आहे का? नाही! घरी येऊन मी त्यांच्या नावापुढे ‘नापास’ लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. ही म्हणाली, कागदाला भोक पडलंय. परीक्षा मावशींची, आणि घाम कोणाला? मला!

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला मी तो भोक पडलेला कागद घेऊन रिसेप्शनपाशी उभा, आणि भोंगा वाजला. मला वाटलं, सराव असेल. तेवढ्यात मॅनेजर जिन्याने वर आले, चेहरा पांढराफटक, म्हणाले, धुलाईच्या ड्रायरला आग लागली आहे, धूर वर चढतोय. खरा धूर हो!

शेजारच्या दिवाणखान्यात वीसेक पाहुणे कॉफी पीत बसलेले. रिसेप्शनवरची मुलगी धीर करून आत गेली आणि मी शिकवलं होतं तस्सं, मान किंचित कलती करून म्हणाली, ‘वुड यू लाइक टू लीव्ह द बिल्डिंग?’ म्हणजे काय, तर आपल्याला इमारतीबाहेर जायला आवडेल का? एक आजोबा छान हसले, म्हणाले, ‘नो, थँक यू.’ आम्ही गुरुवारपर्यंत आहोत म्हणे! अहो, त्यांची काय चूक? विचारलं, म्हणून सांगितलं! बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि एकाने आणखी साखर मागितली…

मुलगी माझ्याकडे बघतेय, मॅनेजर माझ्याकडे बघताहेत. मी पुढे झालो, तोंड उघडलं, तर ‘कुड’च्या पुढे काही येईचना. कुड… कुड… नुसता कुडकुडतोय! धुराचा वास आत आला, आणि माझ्या मनात एकच, ही वीस माणसं माझ्या व्याकरणाने मरणार.

तेवढ्यात जिन्यावरून मावशी. मागे तिसऱ्या मजल्याची अख्खी रांग, कोणी झोपेच्या कपड्यांत, कोणी डोक्याला टॉवेल. मावशींनी दारातून एकदा बघितलं.

“अप. आउट. दिस डोअर. नो बॅग. गो.”

आणि उठले हो सगळे! ते आजोबा बॅग उचलायला वाकले, तर मावशींनी ती त्यांच्या हातातून काढून खाली ठेवली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. दोन मिनिटांत खोली रिकामी. मी तिथेच कागद धरून उभा. मावशी परत आल्या.

“सर, तुम्ही पण. आउट.”

बंब आला, आग विझली, कोणाला ओरखडासुद्धा नाही. समोरच्या पदपथावर बसून मी ‘नापास’ खोडलं, ‘उत्तीर्ण’ लिहिलं, आणि ते नेमकं भोकावर आलं, त्यामुळे मलाच वाचता येईना. दुसऱ्या दिवशी तपासणी पार पडली, मावशी तिसऱ्या मजल्यावरच राहिल्या. म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय! चौथ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. आजोबांची लेखी तक्रार, त्या बाई उद्धट बोलल्या, एकदाही प्लीज म्हणाल्या नाहीत, बॅग हिसकावली. तेव्हा सर, मॅनेजर म्हणाले, त्यांना तेवढं इंग्रजीत माफी मागायला शिकवा. आग विझली, चूक कोणाची नाही, आणि घाम कोणाला? मला!

मावशी हात पुसत आल्या, समोर बसल्या. मी तक्रार वाचून दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जोडत कागदावर लिहिलं, ‘यू अलाइव्ह. सॉरी.’

क्रियापद नाही. प्लीज नाही. मी दोनदा तपासलं, आणि दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना… तसंच पाठवून दिलं.