पितळी पट्टीवरचा नंबर

वसुंधरा : शिरसाडपर्यंत गेलो, आलो, चढावर दोनदा मुद्दाम थांबवली, तरी रेडिएटर उकळला नाही. शत्रुघ्नभाऊ, हिला मी थेट गोव्याला नेणार.

शत्रुघ्न : न्या की, डॉक्टरबाई. पळवू मात्र नका, आनि वीस-पंचवीस मैलांवर थांबून पानी बघा. ही गाडी लांब जायलाच बनवलेली हाय. मागं सामानाचा कॅरियर, टप मागं पाडता येतो, पाच मानसं ऐसपैस बसतात.

वसुंधरा : आधी कोणी बघून गेलं होतं म्हणालात?

शत्रुघ्न : हायवेवरचा एक हॉटेलवाला. इंजिन काढून तिथं कारंजं बसवतो म्हनाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाय.

वसुंधरा : बरं केलंत. आता गाडीवरची ही पितळी पट्टी. एकोणीसशे अकरा, आणि खाली नंबर. चासीवरचा नंबर तर गंजून गेलाय, म्हणजे हीच काय ती ओळख. उतरवून घेते. विलायतेत जुन्या गाड्यांचं एक मंडळ आहे. नंबर पाठवला की गाडीची सगळी कुंडली कळवतात.

शत्रुघ्न : कशाला तो खटाटोप? अकराचीच हाय. माझे वडील, काळूराम, इथल्या पारशी शेठचे ड्रायव्हर होते. शेठ बंगला सोडून गेला तेव्हा कागद करून गाडी त्यांना देऊन गेला.

वसुंधरा : कागद पाहिला मी. गाडीबद्दल संशय नाही हो. तुम्ही आणि थॉमस मिस्त्रींनी सहा वर्षं घालवलीत, ते दिसतंय. आणि पितळ तर काय लखलखतंय!

हंसा : पानी घ्या, बाई. पितळ मी घासते. लग्न होऊन या घरात आले तवापासून, दर दसऱ्याला. चिंच आनि राख. तेव्हा ही गोठ्यात गवताखाली होती, चाकंसुद्धा नव्हती, तरी घासायची. सासूबाईंनी घालून दिलेलं. बत्तीस दसरे झाले.

शत्रुघ्न : पुरे आता. पोह्यांचं बघ जा.

हंसा : पोहे कधीच झाले. तुमचं बोलनं संपायची वाट बघतायत.

वसुंधरा : हंसाताई, या पेल्यावर तुमचं नाव कुणी घातलंय?

हंसा : तुळिंजला भांड्यांचं दुकान हाय, तिथला मशीनवाला घालतो. आमच्या दीपेशच्या लग्नातली सगळी भांडी त्याच्याचकडची.

वसुंधरा : शत्रुघ्नभाऊ, इतक्या जुन्या गाडीचे आकडे ठोकून उठवलेले असतात. हे मशीननं कोरलेत. या पेल्यावरच्या अक्षरांत जी बारीक थरथर आहे ना, तीच यांत आहे.

शत्रुघ्न : जुनं हाय, बाई. तसं दिसतं.

वसुंधरा : नक्की?

शत्रुघ्न : नक्की.

वसुंधरा : ठीक आहे. तुम्ही म्हणता तर तसं. मी यांना फोन करून येते.

(बाई नाक्यावरच्या बूथकडे जातात. त्या परत येऊच नयेत, असं शत्रुघ्नला वाटतं.)

हंसा : खोटं बोललात.

शत्रुघ्न : हळू बोल.

हंसा : त्या बाईनं उलटून एक शब्द काढला नाय.

शत्रुघ्न : तेच डाचतंय. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं. तुम्ही म्हणता तर तसं, म्हनाली. कुठं तोंड लपवू, असं झालंय मला.

हंसा : तो नंबर आनला कुठून?

शत्रुघ्न : विजेच्या मीटरवरून.

हंसा : अगं बाई. मीटरचा नंबर गाडीला?

शत्रुघ्न : मग काय करनार? सगळं काम उरकल्यावर थॉमस म्हनाला, पट्टी कोरी हाय. पिशवीत घातली नि एकटाच तुळिंजला गेलो. मशीनवाला विचारतो, नाव कोनाचं घालू?

हंसा : आनि ती कोरी झाली कशी?

शत्रुघ्न : झाली. जुनी होती.

हंसा : माझ्याकडं बघून सांगा.

शत्रुघ्न : सांगितलं ना, जुनी होती.

हंसा : मी घासून घालवली.

शत्रुघ्न : मी म्हनालो का तसं?

हंसा : नाय म्हनालात. दोन वर्षांमागं दसऱ्याला नवे आकडे बोटाला खरखरीत लागले, तवाच समजले. पयल्यांदा तिथं बारीक खुना होत्या. मला वाटायचं, कीट बसलंय. मला कुठं वाचता येतं? लई जोर लावायची. जरा गेलं की बरं वाटायचं.

शत्रुघ्न : लोक तुला हसले असते, हंसा. म्हनून गप्प बसलो.

हंसा : तुम्हाला वाईट वाटेल म्हनून मीपन गप्प बसले. पन त्या बाईला कशाला फसवायचं? ती आपल्या मीटरचा नंबर विलायतेला धाडनार.

शत्रुघ्न : खरं सांगितलं तर घेनार नाय. मग राहिला तो कारंजंवाला. माझ्या दंडात जोर नाय, गाडी सुरू करायचं हँडल फिरत नाय. दीपेशला गाडी नको. तिला रस्त्यावर नेनारी ही एकच बाई भेटली होती.

हंसा : आल्या त्या.

वसुंधरा : यांनी होकार दिला. इसार आत्ताच देऊन टाकते.

शत्रुघ्न : थांबा, बाई. नंबर खोटा हाय. सालपन अंदाजानं टाकलंय. वडील सांगायचे, विलायतेचा राजा मुंबईला आला त्या साली शेठनं गाडी घेतली, त्यावरून. मूळचे आकडे घासून गेले होते, मी नवे कोरून आनले. मघाशी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. लाज वाटते मला. ती पट्टी माझ्या हातून...

हंसा : त्यांच्या नाय, माझ्या हातून गेली. मला वाचता येत नाय, बाई. घान समजून घासली.

वसुंधरा : मघाशीच सांगितलं असतंत तर मला बरं वाटलं असतं, भाऊ.

शत्रुघ्न : हो.

वसुंधरा : गाडी मी नेते. पन्नास चढ चढेल अशी आहे ती, नंबर असो नसो. हे आकडे तेवढे काढून टाका. मंडळाला लिहीन, साल ठाऊक नाही. किमतीचं मात्र आपण पुन्हा बोलू.

शत्रुघ्न : तुम्ही म्हनाल ती.

हंसा : मग आता तरी मला सांगा, तिथं खरं काय लिहिलेलं होतं? इतकी वर्षं मी पुसत काय होते?

शत्रुघ्न : ठाऊक नाय.

हंसा : असं कसं? तुम्ही तर सातवी पास.

शत्रुघ्न : हो. रोज गाडीला टेकून बिडी ओढायचो. एकदाही वाचलं नाय मी.