पिंपातली पंधरा मिनिटं

बारक्या : आधी कडी काढ, मग काय ते बोल.

ताई : काढते रे. बोटं वळत नाहीयेत, दम धर जरा.

बारक्या : वळत नाहीयेत म्हणजे? ताई, दार तोडू का?

ताई : तू तोडणार? जिना चढून आलास तर धापा टाकतोयस. हं, निघाली. ये, बघ काय बघायचंय ते.

बारक्या : अगं, ओठ निळे पडलेत तुझे! आणि पिंपात हे काय? बर्फ?

ताई : कपडे भिजत घातलेत.

बारक्या : बर्फात?

ताई : रंग जाऊ नये म्हणून.

बारक्या : तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलीस आणि मला हे सांगतेस? पिंपात एकही कपडा नाहीये. थर्मामीटर लटकतोय. अकरा दाखवतोय.

ताई : बारक्या, ती गोधडी दे आधी. चौकशी मागून कर.

बारक्या : घे. पाय वर घे. किती वेळ बसली होतीस त्यात?

ताई : पंधरा मिनिटं. रोज तेवढीच बसते.

बारक्या : रोज!

ताई : आज उठताना डोळ्यांपुढे काळोख आला. पिंपाच्या काठाला धरून तशीच उभी राहिले. मग खाली बसले. मग तुझी हाक ऐकू आली.

बारक्या : सहा वेळा फोन केला मी. दुकानात विचारलं, तर म्हणाले ताई दुपारी दोन तास घरी जाते हल्ली. मला वाटलं, झोपत असेल. आणि तू इथं बर्फात बसतेस! कुणी सांगितलं हे?

ताई : मोबाइलवर बघितलं. गार पाण्यात बसलं की शरीर ऊब धरायला चरबी जाळतं. आपल्या अंगात म्हणे एक तपकिरी चरबी असते, ती थंडीनं जागी होते आणि दुसऱ्या चरबीला खाते. त्या व्हिडिओतला माणूस तर अख्खा तळ्यात उतरला होता. काय पोट होतं त्याचं, इस्त्री केल्यासारखं सपाट.

बारक्या : त्याला करू दे. तू पन्नाशीच्या पुढची बाई आहेस.

ताई : पन्नाशीच्या पुढची आणि सुरुवातीला चौऱ्याऐंशी किलोची. तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? रक्तगट जुळतो, सगळं जुळतं, फक्त वजन बहात्तरवर आणा, मग किडनी घेऊ. सांगितलं होतं ना? मग मी काय हातावर हात धरून बसू? तू आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनला स्वतःला बांधून घेतोस. दीड वर्ष झालं. माझ्याच्यानं एवढं होऊ नये?

बारक्या : चालायला सांगितलं होतं त्यांनी. खाणं मोजायला सांगितलं होतं.

ताई : चालले. पहिल्या महिन्यात तीन किलो गेले. मग काटा अडून बसला.

बारक्या : उद्या तुझी हॉस्पिटलची तारीख आहे ना? मी येतो बरोबर. हे सगळं त्या आहारतज्ज्ञ बाईंना सांगायचं.

ताई : तू कशाला? तुझा मशीनचा दिवस नाही उद्या, आराम कर.

बारक्या : ताई, वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. शेजारी बसलेला माणूस कधी ब्रेकवर पाय ठेवतोय आणि कधी नुसता ठेवल्यासारखं करतोय, मला कळतं. मी येतोय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉस्पिटलमधली आहारतज्ज्ञ बाईंची खोली.)

आहारतज्ज्ञ : चपला काढून उभ्या राहा. हलू नका. ब्याऐंशी किलो सहाशे.

ताई : काटा बरोबर आहे ना हा?

आहारतज्ज्ञ : आहे. मागच्या वेळी एक्क्याऐंशी भरलं होतं तुमचं. दीड किलोच्या वर वाढलंय.

ताई : असं कसं होईल? दोन महिने मी…

बारक्या : सांग की. नाहीतर मी सांगतो. मॅडम, ही रोज बर्फाच्या पाण्यात बसते. पंधरा मिनिटं. काल चक्कर येऊन पडायचीच बाकी होती.

आहारतज्ज्ञ : बर्फाच्या पाण्यात? घरी? जवळ कुणी असतं तेव्हा?

ताई : कुणी नसतं. दाखवून करायची गोष्ट आहे का ती?

आहारतज्ज्ञ : तुमच्या हृदयाचा आलेख आजच काढून घेऊ. एकदम गार पाण्यात शिरलं की श्वास लागतो, रक्तदाब चढतो. एकटीनं तर मुळीच करायचं नाही हे. आजपासून बंद.

ताई : पण त्यानं चरबी जळते हे खरं ना? एवढं तरी सांगा.

आहारतज्ज्ञ : अर्धं खरं. कुडकुडायला लागलं की शरीर इंधन जास्त जाळतं. तपकिरी चरबीचंही खोटं नाही, पण मोठ्या माणसाच्या अंगात ती असते चिमूटभर. पंधरा मिनिटांत तुमचं जे जळतं, ते लोणी लावलेल्या पावाच्या एका तुकड्यात भरून निघतं. आणि गार पाण्यातून बाहेर आल्यावर बऱ्याच जणांची भूक खवळते. तुमची खवळते का?

ताई : नाही. म्हणजे, नेहमीसारखीच असते.

आहारतज्ज्ञ : पाण्यातून आल्यावर काय खाता?

ताई : गरम पाणी पिते. एखादं बिस्किट.

आहारतज्ज्ञ : भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबाल? किडनी देणाऱ्या माणसाशी मला एकांतात बोलावं लागतं. नियम आहे आमचा.

बारक्या : थांबतो. ताई, खरं काय ते सांग हं.

ताई : गेला? दार नीट लागलंय ना?

आहारतज्ज्ञ : लागलंय. एखादं बिस्किट?

ताई : पुडा. अख्खा पुडा. आणि दुधात चार चमचे साखर. कधी पाव, त्याला बोटभर लोणी. अंग कापत असतं, एका हातानं गोधडी धरलेली असते आणि दुसऱ्या हातानं खात सुटते मी.

आहारतज्ज्ञ : भूकच तशी लागते त्यानं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ताई : भूक असती तर मी लाजले नसते हो. पहिले आठ-दहा दिवस होती भूक. पुढं पोट भरलं तरी खातच होते. काल पिंपात बसल्या बसल्या मला स्वच्छ कळलं. मी त्या पाण्यात वजन उतरवायला बसत नाही. मी शिक्षा भोगायला बसते. आणि बाहेर येऊन खाते, कारण वजन उतरलं तर…

आहारतज्ज्ञ : तर?

ताई : तर तारीख देतील. टेबलावर झोपवतील. मला भीती वाटते बाई. फार. कापड कापताना माझा हात कधी थरथरला नाही, पण माझ्या अंगाला कात्री लागणार हे डोळ्यांपुढे आलं की मी बिस्किटांचा पुडा फोडते. दुसरं कारण नाही. सांगायला मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

आहारतज्ज्ञ : भीती हे पुरेसं कारण आहे. कोणत्याही दिवशी, अगदी टेबलापर्यंत जाऊनही, तुम्हाला नाही म्हणता येतं. आम्ही तुमच्या भावाला एवढंच सांगू, की तुमची बहीण किडनी द्यायला योग्य ठरली नाही. का, ते सांगत नाही. त्यांनी विचारलं तरी नाही.

ताई : तो समजेल, वजनामुळे.

आहारतज्ज्ञ : त्यांना जे समजायचं ते समजू दे.

ताई : म्हणजे खोटंच की.

आहारतज्ज्ञ : आम्ही त्याला गुप्तता म्हणतो.

ताई : कापड तेच, लेबल वेगळं. आणि त्याचं काय होईल पुढं?

आहारतज्ज्ञ : मशीन चालू राहील. नाव प्रतीक्षा यादीत आहेच. वेळ लागेल. किती, ते मी सांगू शकत नाही. घाई नाही, विचार करून सांगा.

ताई : विचार दोन महिने बर्फात बसून केलाय. लिहा. माझं नाव काढा.

*

बारक्या : झालं? काय म्हणाल्या? आलेख काढायचाय ना तुझा?

ताई : काढायचाय. नंबर लागला की हाक मारतील. या बाकावर बस. नाही, इकडे बस, तिकडे पंख्याचा वारा येतो तुला.

बारक्या : रडलीस तू.

ताई : माझं नाव काढलं, बारक्या. किडनी द्यायच्या यादीतून.

बारक्या : दीड किलोवरून? अगं, पुढच्या महिन्यात उतरेल की ते. मी बोलतो त्यांच्याशी. एक महिना मागून घेऊ…

ताई : बस खाली. त्यांनी नाही काढलं. मी काढायला लावलं. आणि वजनामुळे नाही. त्या म्हणाल्या होत्या, तुला काही कळू देणार नाहीत. मी म्हटलं, मीच सांगते. मला भीती वाटते रे. मी बर्फात बसायचे आणि वर येऊन चोरून खायचे. वजन उतरू नये म्हणूनच खात होते बहुतेक.

बारक्या : मी पाणी घेऊन येतो.

ताई : पाणी नको, बोल काहीतरी. ओरड. लोक बघतील तर बघू देत.

बारक्या : गेल्या महिन्यात बायकोनं दोन वेळा विचारलं, ताईंचं वजन किती झालं. मी म्हटलं, उतरतंय. मी मनात तारखा मांडत होतो. पुन्हा गाडीवर कधी बसेन, कुणाला पहिला धडा देईन.

ताई : माहीत आहे मला.

बारक्या : माहीत असून…

ताई : माहीत असून.

बारक्या : राग आलाय मला. खोटं नाही बोलत. आज-उद्या जाणार नाही तो.

ताई : राहू दे. मला चालेल.

बारक्या : पण एक सांगतो. तू पहिल्यांदा म्हणालीस ना, माझी घे म्हणून, तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बघितला होता. मी म्हणालो, नको ताई. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस. म्हणून म्हणालोच नाही.

ताई : जगायचं होतं तुला. त्यात काय चुकलं?

बारक्या : तुलाही जगायचंच होतं की.

ताई : हं.

बारक्या : मी मशीनवर असताना तू यायचं म्हणायचीस, मी येऊ द्यायचो नाही. त्या नळ्या बघितल्यास तर घाबरून माघार घेशील, असं वाटायचं. घरी सांगायचो, ताईला त्रास नको.

ताई : मी समजत होते, तुला मी नकोशी वाटते तिथं.

बारक्या : उद्या सात वाजता आहे. ये आता.

ताई : राग असताना?

बारक्या : असताना ये. चार तास असतात. छताकडे बघून बघून पंख्याची पाती पाठ झालीत.

ताई : चार तास काय बोलू मी तुझ्याशी?

बारक्या : काहीही. दुकानातलं सांग, गिऱ्हाइकांचं सांग. आणि मला झोप लागली ना, तरी थांबू नकोस. बोलत राहा.