मोठी आय, मोठी एल

(कल्याण, १९९३. कॉम्प्युटर क्लासच्या केबिनमध्ये होडीवाले दामाजी फोन कानाला लावून उभे. उघड्या दारापलीकडे मशीनसमोर त्यांची मुलगी जया. फोनवर मोहन्याहून गोपीनाथ, याच क्लासचा जुना विद्यार्थी, आता तिथे नोकरीला.)

दामाजी — नाय रं, अनिल. अनिल टोपन. पोरगी बोलतं, तोच आडवा येतंय.

गोपीनाथ — काका, आमच्या बॅचला अनिल नव्हताच कोणी.

जया — आबा, ‘अनएबल टू ओपन’! फाइल उघडत नाय म्हणून सांगा त्याला. एसटीडीआयओ डॉट एच.

दामाजी — ऐकलास? एसटीडी उघडत नाय. पन मोहन्याला तं लोकलच लागतं, एसटीडी कशाला पायजे?

गोपीनाथ — काका, जरा जयाकडे द्या ना फोन.

दामाजी — कसा देऊ? वायर पोचत नाय आनि ती उठत नाय. उठली का मशीन गेला. तिचे मागं दोघं बगल्यासारके टपून उभं हायत. तू माझेशी बोल.

जया — आबा, त्याला सांगा, अकराला परीक्षक येणार. माझा होड्यांच्या नोंदीचा प्रोग्राम चालला तरच सर मला इथं शिकवायला घेणार. काल त्यांनी मशीन साफ केलं आणि गोपीनाथनं बनवलेली ती फाइल उडाली.

दामाजी — तुझी फाइल उडाली बोलतं. अकराला परीक्षक. तिची नोकरी अडकलीय.

गोपीनाथ — हात्तिच्या, ती होय! टेन्शन नको म्हणावं तिला. दोन ओळींचं काम आहे. कंपायलरला फक्त सांगायचं, बाबा रे, सामान इथे ठेवलंय.

दामाजी — कंपायलर कोन?

गोपीनाथ — जया जे लिहिते ते मशीनला समजेल असं करून देतो तो.

दामाजी — म्हंजे दुभाषा.

गोपीनाथ — करेक्ट. पण सामान कुठे आहे ते सांगितलं नाही, की बसला हात हलवत.

दामाजी — माझेसारका. बायको बाजारान गेली का मना साखर पन गावत नाय.

गोपीनाथ — तिला टाइप करायला सांगा. कॉपी कॉन.

दामाजी — कॉपी कोन?

गोपीनाथ — हां, बरोबर. कॉपी कॉन.

दामाजी — कॉपी कोन करतंय रं? तोंड सांभालून बोल! दामाजीची पोर हाय ती. सातवीन नापास झाली, पन बाजूवालीचे पेपरान बघला नाय तिना!

जया — आबा! सातवीचं कशाला काढता इथं? सगळी ऐकतायत!

गोपीनाथ — अहो काका, ती कमांड आहे! कमांड!

जया — कॉपी कॉन म्हणतोय ना तो? कळलं मला. पुढं फाइलचं नाव, टर्बोसी डॉट सीएफजी. ते येतं. आतल्या दोन ओळी काय, तेवढं विचारा.

दामाजी — आतल्या दोन ओली सांग. आनि नीट बोल.

गोपीनाथ — आधी डॅश. म्हणजे आडवी रेघ. मग मोठी आय.

दामाजी — मोठी आय?

गोपीनाथ — मोठीच लागते. धाकटी चालत नाही.

दामाजी — पन तिचा तुना काय काम?

गोपीनाथ — तिच्याशिवाय पुढे काही सरकणारच नाही, काका. मी आधी चुकलेलो, म्हणून सांगतोय.

दामाजी — जये, हा पोरगा मोठे आयचा नाव काढतंय.

जया — आपल्या मोठ्या आयचं? कशाला?

दामाजी — ता तुलाच ठाव. हे बघ, गोपीनाथ. शेवंती माझी मोठी भावजय. सगली पोरा तिला मोठी आय बोलतात. घरान तिचा शब्द चालतं, मान्य. पन पोरीचा बाप मी हाय. लग्नाचा काय असंल, तं पयला माझेशी बोलायचा. मोठे आयला मस्का लावून नाय!

गोपीनाथ — लग्न?

जया — कोणाचं लग्न?

गोपीनाथ — काका, एबीसीडीतला आय! इंकमधला! कॅपिटल!

दामाजी — इंक? शाईवाला?

गोपीनाथ — हो, तोच!

दामाजी — तं कॅपिटल बोलायचा ना! जये, इंकमधली मोठी आय लिव.

जया — लिहिली. आणि आबा, आवाज कमी करा, तो मागचा हसून हसून खुर्चीवरून पडायला आलाय.

गोपीनाथ — पुढे सी, दोन टिंबं एकाखाली एक, उलटी तिरकी रेघ, टीसी, परत उलटी रेघ, इनक्लूड. खालची ओळ तशीच, फक्त आयच्या जागी मोठी एल आणि शेवटी लिब.

दामाजी — मोठी एल. ही कोन, ता मी विचारीत नाय. जये, घे...

जया — झालं. सेव्ह केली. चालवते. अरे देवा. आबा, परत तेच! फाइल उघडत नाय!

दामाजी — गोपीनाथ, अनिल परत आला.

गोपीनाथ — असं कसं होईल? मी तिथे अक्षर न् अक्षर हेच लिहिलेलं!

दामाजी — बोलतं, त्याना हेच लिवलेला.

गोपीनाथ — तिला म्हणावं घाबरू नको, मी निघतो. साहेबाला काहीतरी थाप मारतो. आंबिवलीला गाडी मिळाली की आलोच.

दामाजी — येतंय बोलतं.

जया — कधी येणार? परीक्षक जिन्यात आलेत! थांबा, आबा. कोणी बोलू नका. काल साफ केल्यावर सरांनी सगळं परत भरलं. पण भरलं कुठं? बघते... सी ड्राइव्हमध्ये टीसी नायच! डी ड्राइव्हमध्ये टाकलंय! आबा, सामान एका खोलीत आणि आपण त्याला पाठवतोय दुसऱ्या!

गोपीनाथ — काय झालं? काका? बोला ना!

दामाजी — गप. पोरगी बोलतं, कोनी बोलायचा नाय.

जया — दोन्ही ओळींत सीचा डी केला. आता... चालला! आबा, चालला! होड्यांची नावं आली!

दामाजी — चालला रं! टीव्हीवर होड्यांची नावा आली! कनची गेली, कनची परत आली, सगला! डीमधी होता ता!

गोपीनाथ — डीमध्ये! मला सुचलंच नाही.

दामाजी — थांब. परीक्षक आला. बसला तिचे बाजूला. दार लावून घेतला, आथा मी काचंतून बघतंय.

गोपीनाथ — काय करतोय तो?

दामाजी — मान हलवतंय.

गोपीनाथ — उभी की आडवी?

दामाजी — गोल.

गोपीनाथ — गोल म्हणजे काय, काका?

दामाजी — मना काय ठाव? परीक्षक तुमचा! आथा पोरगी बोलतं, तो ऐकतंय. बघ, कशी हात हलवतं. समजावतंय त्याला. घरान बापाला कवा यवरा समजावला नाय... हसला. हसला रं! सरांना बोलावला. ते पन हसतात. जयी मना काचंतून हात करतंय. थांब, सर इकरंच येतात... हां सर, हो. हो. लय उपकार... गोपीनाथ, सोमवारपासून शिकवनार ती. मना ‘दामाजीराव’ बोललं सर.

गोपीनाथ — वा! काका, वा! तिला एक सांगाल?

दामाजी — बोल. सकालपासून तुझा सगला मीच सांगतंय, हा पन सांगतो.

गोपीनाथ — म्हणावं, यापुढे माझ्यावाचून अडणार नाही तुझं.

दामाजी — ता मी नाय सांगनार.

गोपीनाथ — का हो?

दामाजी — ता तू घरी येऊन सांग. रविवारी मी होडी काढत नाय.