दुकान आहे, पण माल कुठाय?

...नाही, मला एक सांगा, दुकान म्हटलं की कपाटात, पोत्यात, गेला बाजार पलंगाखाली तरी काहीतरी ठेवलेलं असलंच पाहिजे, हा कायदा कुणी केला? कुणी केला? आमच्या पप्पांनी केला! सुकदेव पाटील, पंचवीस वर्षं कडोदऱ्याच्या कारखान्यात लूम चालवतात, डोळे मिटले तरी त्यांना कापडाचे ताकेच दिसतात. त्यांना मी सांगते, 'पप्पा, मी साड्यांचं दुकान काढलंय.' तर माणूस आधी पलंगाखाली वाकून बघतो! खरंच, गुडघे धरून वाकले! आणि वर येऊन म्हणतात काय, 'पण माल कुठाय?'

तुम्हाला सांगते, इतकं सोपं आहे हो! फोनवर माझं दुकान, 'धनश्री कलेक्शन', त्यात साड्यांचे फोटो. नाशिकची बाई फोटो बघते, ऑर्डर देते. ती ऑर्डर मी पाठवते चेतनभाईंना, त्यांचं गोदाम कडोदऱ्याला. ते साडी पॅक करतात, पाकिटावर नाव माझं टाकतात आणि परस्पर नाशिकला रवाना. साडी आमच्या घरात येतच नाही! बीकॉम झालेय मी, फर्स्ट क्लास, ड्रॉपशिपिंग म्हणतात याला. मम्मी म्हणते, 'म्हणजे तू काहीच करत नाहीस.' अगं, ग्राहक कोण शोधतं? फोटो कोण निवडतं? 'हिरवी म्हणजे पोपटी का बाटलीसारखी' याची उत्तरं दुपारभर कोण देतं? शेजारच्या शीतलबेन मेथी निवडता निवडता म्हणतात, 'ए तो बराबर, पण माल क्यां छे?' गुजरातीतून पण तेच! आमच्या सुरतेच्या कोसाडात भाषा बदलते, प्रश्न बदलत नाही!

मग किसनकाकांनी कामरेजला एका ऑफिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवली. काम काय? तर फायली लावायच्या आणि शेठ आले की उभं राहायचं. मी म्हटलं, मरेन पण उभी राहणार नाही! पप्पा म्हणाले, 'बरं. अखाजीपर्यंत दहा गिऱ्हाईकं आण. आली तर तुझं दुकान. नाही आली तर अखाजी झाली की सोमवारपासून कामरेज.' अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. मी म्हटलं, 'चालेल!' असं म्हणून झालं ना, की मग कळतं आपण काय बोललो.

आणि त्याच दिवशी मम्मीला सुचलं, मुहूर्त राहिलाय! दुकानाची पूजा नाही म्हणून गिऱ्हाईक अडलंय म्हणे! आता पूजा कशाची करायची? गल्ला नाही, तराजू नाही, शटर नाही. मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर पाटावर माझा फोन! उभा! तांदळाच्या राशीत! हळद, कुंकू, वर फूल, आणि पप्पा समोर नारळ घेऊन... मी किंचाळले, 'त्याच्यावर फोडू नका!' नारळापासून वाचवला हो मी, पण कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं. दोन दिवस फोन बंद! ग्राहक तिकडे बोंबलतायत आणि इकडे रिपेरिंगवाला सुईनं लाल लाल काहीतरी उकरतोय. 'बेन, आ शुं छे?' मी म्हटलं, 'आशीर्वाद!'

अखाजीला चार दिवस, गिऱ्हाईकं सात. तीन कमी. आणि त्यात धरणगावहून अनुसया आत्या आली, पप्पांची थोरली बहीण, अखाजीला माहेरी. चहा पिण्याआधी तिनं काय विचारलं असेल? सांगा! अहो, सांगा ना! 'काय वं पोरी, दुकान शे तं माल कोठे शे?'

झालं! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, 'आत्या, तुझी ती ट्रंक आठव. आहेरांची. गेल्या वर्षी तुझ्या लखनच्या लग्नात तू मम्मीला मोरपंखी साडी दिलीस, ती तू विकत घेतली होतीस?' आणि उत्तरही मीच दिलं, 'ती तुला तुझ्या नणंदेनं दिली होती. नणंदेला तिच्या विहीणबाईंनी. मम्मीनं ती पुढच्याच महिन्यात गल्लीतल्या सुभद्राबाईंना दिली. कुणी नेसली? कुणी घडी तरी मोडली? साडी तुमची नाही, निवड तुमची नाही, नाव मात्र प्रत्येक वेळी देणारीचं! तीस वर्षं तुम्ही हेच करताय, आणि मी केलं की माल कुठाय?'

पप्पा भिंतीकडे बघतायत, मम्मी आत्याकडे बघत नाहीये. मला वाटलं, मेले आता. आणि आत्या हसायलाच लागली हो! डोळ्यांतून पाणी. 'मंग हाई तं आहेरनं काम शे! सरळ सांगानं ना!' मी दोन महिने इंग्रजीतून, मराठीतून, कागदावर बाण काढून काढून समजावतेय, आणि हिला ट्रंकेवरून कळलं!

नुसतं कळलं नाही, तिनं फोनच काढला. धरणगावच्या अर्ध्या सुनांची माहेरं सुरतेत, सगळ्या अखाजीला इकडेच येणार. आत्यानं बारा जणींना सांगितलं, 'मनी भाचीनं साड्यासनं दुकान शे. या.' बारा! मी नाचले. मग आत्या म्हणाली, 'आणि मी सांगितलंय, घर भरून माल आहे, हात लावून बघा.'

हात लावून? 'आत्या, फोटो आहेत!' 'फोटो नेसतस का वं?'

आता मी काय करणार? एकीकडे कामरेज, शेठ, उभं राहणं. गेले कडोदऱ्याला, चेतनभाईंकडून बारा साड्या उचलल्या. ते गालात हसले, 'तमे तो माल राखता नथी ने?' म्हणजे, तुम्ही तर माल ठेवत नाही ना! आणि वर बजावलं, घडी मोडली की माल तुमचा, परत नाही. मी म्हटलं, घडी मोडणार नाही, नुसता हात लावतील.

नुसता हात! अहो, बारा बायका, दहा बाय बाराची खोली, पाच मिनिटांत फरशी दिसेना! एक पदर खांद्यावर घेतेय, एक काठ नखानं खरवडतेय, एक दिव्याखाली धरून दोरे मोजतेय. बाराच्या बारा घड्या मोडल्या. मी मनात म्हटलं, मोडा, पण घ्या! एक तरी घ्या! आणि पहिली बाई काय म्हणते? 'पोत छान आहे. पण यात जांभळा नाही का? जरा फोनमध्ये दाखव की.' दाखवला. 'हा! हा पाठव धरणगावला, आत्ता कुठं ओझं नेऊ?' मग दुसरी म्हणाली, मलाही फोनमधलाच. मग तिसरी. बारा जणी, नऊ ऑर्डरी, सगळ्या फोनमधल्या! फरशीवरची एकही नाही! ही तुमची हात लावून बघणारी मंडळी!

सात आणि नऊ सोळा. जिंकले! मी! कामरेज गेलं उडत! त्या बारा साड्या आत्यानं इस्त्रीसारख्या घड्या घालून पलंगाखाली सारल्या, 'राहू दे, आहेरात फिरतील.' संध्याकाळी पप्पा कामावरून आले. मी फोन नाकासमोर धरला, 'मोजा!' त्यांनी मोजल्या. एकदा, पुन्हा एकदा. मान हलवली. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास पोरी. तेवढ्यात चप्पल सारायला वाकले, तर पलंगाखाली साड्यांचा ढीग. बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले. मग उठले, माझ्याकडे इतक्या काळजीनं बघितलं म्हणून सांगू, आणि म्हणाले,

'एवढा माल पडून आहे, धनू... धंदा काही चालत नाही वाटतं तुझा.'