हिरड्यांपासून कंबरेपर्यंत

आमच्या आत्याचं सांगतो. हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून तिला इथंच, तंजावुरात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जबड्याचा एक्स-रे पाहून बाई म्हणाल्या, "अम्मा, कंबरेच्या हाडांची तपासणी करून घ्या."

"दात दाखवायला आले, कंबर कशाला तपासायची?" आत्या भडकली.

"या वयात बायकांची हाडं विरळ झाली की हिरड्यांचं दुखणंही बळावतं."

तपासणीत हाडं खरंच विरळ निघाली. घाबरलेल्या आत्यानं लगेच ओरत्तनाडू गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. "अक्का, तूही तपासून घे."

"मला कसली भीती? माझे दात केव्हाच पडले."

"दात पडले तर नवे बसवता येतात. तू पडलीस तर नवी अक्का कुठून आणू?"