उजवीकडचा शॉकअप

जबाब देणार : नाव ओळखपत्राप्रमाणे, वय ४४ वर्षे, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, सासऱ्यांचे घर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, सासरे व सासूबाई असे एकत्र राहतो. धाकटे दीर शेजारच्याच घरात राहतात. घराला लागून त्यांचे गाडी दुरुस्तीचे गॅरेज आहे. बॉनेटला कान लावून ते गाडीचा आजार सांगतात, म्हणून गल्लीत त्यांना डॉक्टर म्हणतात. मी त्यांना गाडीत कोंडून जिवाची भीती घातली, अशी तक्रार त्यांनी दिली आहे. ती मला वाचून दाखवली. त्यातला कोंडल्याचा भाग खोटा आहे. भीती घातल्याचा खरा आहे.

आमच्या घरी सात माणसे बसतील अशी उंच गाडी आहे. दिरांनी नंतर हुबेहूब तशीच गाडी स्वतःसाठी घेतली. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. चाक उसळले की ते परत रस्त्याला टेकवून धरणे हे त्याचे काम. चाक टेकलेलेच नसेल तर ब्रेक कितीही दाबा, उपयोग नाही. म्हणून दोन्ही बाजू जोडीनेच बदलतात. हे मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. दिरांना सांगायची गरज नसावी.

गाडी पुढून खडखडू लागली आणि ब्रेक मारला की नाक खाली घालू लागली, म्हणून मी ती दिरांकडे दिली. परत आणून दिली तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन्ही बाजू कोऱ्या करकरीत टाकल्यात, वहिनी. आता लोण्यासारखी चालेल." मी पुढचा उजवा कोपरा दाबून सोडला. धडधाकट गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही झुलत राहिली. मी तसे बोलले. त्यावर दीर म्हणाले, "नवीन आहे, बसायला वेळ लागतो. शिकवणीच्या गाडीतलं शहाणपण इथं नका चालवू." सगळे हसले.

त्याच आठवड्यात सासऱ्यांना डोळे तपासायला न्यायचे होते. मी माझ्या स्कूलची गाडी काढत होते. "दारात एवढी टकाटक गाडी असताना बाबांना त्या खटाऱ्यात नेणार?" असे दीरच म्हणाले. टाकीच्या उतारावर गतिरोधक ओलांडताच एक सायकलवाली बाई आडवी आली. मी ब्रेक मारला. उजवे चाक नाचत राहिले, गाडी डावीकडे ओढली गेली आणि पुढचा कोपरा उताराखालच्या पुलाच्या कठड्याला बसला. सासरे डाव्या सीटवर होते. त्यांचा खुबा मोडला. सायकलवाल्या बाईला काही झाले नाही. मलाही काही झाले नाही, हे नंतर पुष्कळ जणांनी मला ऐकवले.

दिरांनी याच ठाण्यात, बहुधा याच टेबलाशी, "वहिनी गाडी जोरात हाणतात" असे सांगितले. घरची गाडी म्हणून ती ओढून स्वतःच्या गॅरेजला नेली. पत्रा ठोकला, दिवा बदलला. चाकांना हात लावला नाही, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथले सगळे नवीन होते.

माझ्या स्कूलच्या पाटीखाली कोणीतरी खडूने "आधी सासऱ्यांना विचारा" असे लिहिले. शिकणारे निम्म्याहून कमी झाले. ते मी सोसले असते. पण सासरे पूर्वी माझ्या शेजारी बसले की माझ्याबरोबर पायाखालची चटई दाबायचे आणि उतरताना म्हणायचे, "आज आपण दोघांनी ब्रेक मारला." आल्यागेल्याला सांगायचे की माझी सून लोकांना गाडी शिकवते. अपघातानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी दिलेले पाणी बाजूला ठेवून द्यायचे आणि सासूबाईंकडे मागायचे. माझा जीव त्या पाण्यावर जळत होता.

एके दिवशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी दोन्हींचे पुढचे कोपरे दाबून पाहिले. आमच्या गाडीची डावी बाजू चांगली, उजवी झुलणारी. दिरांच्या गाडीची नेमकी उलट, उजवी चांगली. वाकून पाहिले तर त्यांच्या उजव्या चाकामागे कोरा स्ट्रट, लेबलसकट. आमच्या उजव्या चाकामागे काळा रंग आणि त्या रंगातून पाझरणारे तेल. आमच्यासाठी आणलेली जोडी त्यांनी फोडली होती.

मी कोणालाही सांगितले नाही. सांगितले असते तर दिरांनी तासाभरात तो बदलून टाकला असता. मला तो बदललेला नको होता. मला ते त्यांच्या तोंडून हवे होते, आणि घाबरून गेलेल्या तोंडून हवे होते.

गेल्या रविवारी सकाळी मी दिरांना म्हटले, "भाऊजी, पुढून आवाज येतोय, जरा ऐकता का?" ते माझ्या शेजारी, डाव्या सीटवर बसले. निघण्यापूर्वी मी पतींना फोन लावून तो गाडीत समोर ठेवला होता. घरी त्यांचा फोन सासऱ्यांसमोर स्पीकरवर ठेवायला पतींना सांगितले होते. त्यांनी तेवढे केले.

मी टाकीच्या उताराला वळले. दीर म्हणाले, "इकडून कशाला, वहिनी?"

"आवाज इथंच येतो."

"जरा हळू घ्या."

"हळूच आहे, काटा बघा." काटा तीसलाही पोचला नव्हता.

"पुढं गतिरोधक आहे."

"माहीत आहे. तो ओलांडला की ब्रेक मारते, त्या दिवशी मारला तसा. दोन्ही नवीन आहेत ना?"

यावर दिरांनी दरवाजाची कडी ओढली. चालत्या गाडीचे दरवाजे आपोआप लॉक होतात. मी लावले नव्हते. उघडलेही नाहीत. त्यांनी दोन्ही हात समोर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, पाया पडतो, थांबवा. उजवीकडचा जुनाच आहे. पुसून रंग मारलाय. नवा माझ्या गाडीला लावला." मी म्हटले, "मोठ्यांदा बोला." त्यांनी पुन्हा सांगितले. मी तिसऱ्यांदाही सांगायला लावले. तिसऱ्यांदा गरज नव्हती, पण मला बरे वाटले.

फोनमधून सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, थांबव." गाडी गतिरोधकाच्या अलीकडेच थांबली. सासरे पुढे म्हणाले, "त्याला तिथंच उतरव. तू घरी ये."

घरी आल्यावर सासऱ्यांनी पाणी मागितले. मी दिले. ते प्यायले.

घरातली गोष्ट घरात मिटवता का, असे मला साहेबांनी विचारले. नाही. माझी मागणी अशी की, आमच्या गाडीचा उजवा आणि दिरांच्या गाडीचा उजवा, दोन्ही स्ट्रट पंचांसमक्ष दुसऱ्या मेकॅनिककडून काढून घ्यावेत. काढताना दीर समोर उभे पाहिजेत. शक्य असल्यास त्यांच्याच हातात धरायला द्यावेत.

हा जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात" असे शब्द आले होते, ते मी खोडायला लावले. मी रागाच्या भरात काही केलेले नाही, पुष्कळ दिवस विचार करून केले आहे. एवढी दुरुस्ती झाल्यावर जबाब माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे, म्हणून सही केली.