जुन्या कार्डाचा दुभाष्या

खारू : बाबा, रोज मी शाळेला निघाले की तुम्ही दादाच्या खोलीत दार लावून काय बघत बसता?

बाबा : हे काय मध्येच? डबा घेतलास का?

खारू : विषय बदलू नका. मैत्रिणींनी पैज लावलीय. म्हणाल्या, खारू वर्गात सरांशी वाद घालते, पण घरात हे विचारायला तिची जीभ टाळ्याला चिकटते. घ्या, नाही चिकटली!

बाबा : दादाचं काम बघतो. त्याने कॉम्प्युटरवर बनवलेली आपली गल्ली, गेमसारखी आत फिरता येते ती. माहितेय तुला.

खारू : मग मलाही दाखवा. तो गेला त्या सकाळी मशीन चालू ठेवून गेला होता, म्हणून दीड वर्ष तुम्ही ते बंद करू दिलं नाहीत. आत पाऊल टाकायची चोरी! का म्हणून?

बाबा : दाखवेन कधीतरी.

खारू : कधीतरी नाही, आत्ता. सरका बघू, मला आत येऊ द्या. अहो... स्क्रीन बंद आहे.

बाबा : बंद नाही. चालूच आहे.

खारू : मग काळी का?

बाबा : आईला सांगू नकोस.

खारू : किती दिवस झाले?

बाबा : पाच महिने.

खारू : पाच महिने तुम्ही रोज ह्या काळ्या काचेसमोर बसताय?

बाबा : एक चौकट यायची. अपडेट करू का, असं विचारायची. रोज. मला वाटलं, पोराचं मशीन मागे पडायला नको. हो म्हटलं. ते आपलं आपणच बंद झालं, परत सुरू झालं, आणि तेव्हापासून हे असं. त्याने चालू ठेवलेलं मी बंद पाडलं, खारू.

खारू : अहो, मग दुरुस्तीला न्यायचं ना!

बाबा : विचारून आलो होतो. दुकानदार म्हणाला, स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड एवढं जुनं? भंगारात टाका, सगळं पुसून नवीन भरून देतो. 'सगळं पुसून' म्हणाला. मी तसाच उठलो.

खारू : बाबा... इकडे बघा. माझ्याकडे बघा. मला शनिवारपर्यंत वेळ द्या.

(शनिवारी दुपारी, त्याच खोलीत. आई दाराबाहेर उभी.)

आई : जेवण गार झालं. काय चाललंय दोघांचं?

खारू : आई, आत ये ना.

आई : मी इथेच बरी.

बाबा : झालं का गं?

खारू : ऐका तर. कार्ड मेलेलं नाहीये! कार्डाला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स म्हणजे सगळं मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम; त्याची भाषा एक, कार्डाची दुसरी. दादाने लावलेला दुभाष्या कार्डाच्या कंपनीचा होता, आणि कंपनीने जुन्या कार्डांचं नावच टाकलंय. आत काय आहे ते कोणाला बघूही देत नाहीत, नाहीतर दुसऱ्या कोणीतरी सुधारला असता. तुम्ही अपडेट केलंत, लिनक्स नव्या तऱ्हेने बोलायला लागला आणि आपला म्हातारा दुभाष्या गप्प बसला. एवढंच झालं.

बाबा : मग दुसरा दुभाष्या?

खारू : परवा फुकटवाला लावून बघितला. चित्र आलं, पण गल्ली चालेना. एक पाऊल टाकेपर्यंत माझ्या दोन जांभया झाल्या. मग कंपनीचाच जुना नव्या लिनक्सवर चढवला, तर त्याने पानभर चुका काढून हात वर केले. मी जाम रडले, खोटं कशाला बोलू. काल कळलं की अपडेट जुना लिनक्स पुसून टाकत नाही, तसाच मागे ठेवतो. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की यादी येते, त्यातून तो निवडायचा. आणि त्याच्याशी जुळणारा दुभाष्या दादाच्याच फोल्डरमध्ये होता. फाइलचं नाव वाचू? 'खारूने हात लावू नये'.

आई : असं लिहिलंय?

खारू : शप्पथ!

बाबा : चालव.

खारू : थांबा हं. श्वास सोडा, बाबा. आली... ही बघा गल्ली.

बाबा : आली.

आई : काय आलं?

खारू : ये ना गं.

आई : कोपऱ्यावरचा दिवा... ते मोडकं बाकडं. आणि ह्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी कोण?

खारू : ओळख बघू.

आई : मी? एवढी जाड?

बाबा : मी म्हटलं होतं त्याला, जरा बारीक कर. म्हणाला, नको, मिठीत मावत नाही अशीच पाहिजे.

आई : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी इथे होते, आणि मलाच माहीत नव्हतं.

बाबा : सांगणार होतो. तू दारातून आत येशील तेव्हा. मग सगळं काळं झालं.

आई : ती सारखी मान वर करून का बघतेय?

खारू : मी आतलं लिखाण वाचलं. कोपऱ्यावर कोणी आलं की तिने मान वर करायची, असं आहे.

आई : कोणी म्हणजे?

खारू : ते त्याने अजून लिहिलं नव्हतं.

आई : म्हणजे ती नुसतीच बघते.

खारू : हो.

बाबा : आता हे असंच राहील ना?

खारू : नेट काढून टाकलंय, त्यामुळे अपडेट कोणी विचारणारच नाही. फायली मी दोन ठिकाणी काढून ठेवल्यात, पण त्याने सगळं ह्याच कार्डाच्या तऱ्हेने लिहिलंय, दुसरीकडे नीट उघडत नाही. आणि कार्ड बारा वर्षांचं आहे, बाबा. दीड वर्ष अखंड तापतंय. असंच चालू राहिलं तर लवकर जाईल.

बाबा : बंद करू नकोस. पाया पडतो तुझ्या.

खारू : असं नका ना बोलू. तुम्ही बटण दाबलंत म्हणून दादा गेला नाही. तो आधीच गेला होता.

आई : खारू!

खारू : बोलू दे, आई. दोघं ऐका, मी ठरवलंय. मी हे आत्ता बंद करणार, तुमच्यासमोर. आणि उद्या सकाळी आईने सुरू करायचं. कुठलं बटण दाबून धरायचं, ते मी दाखवते तिला.